संपादक बाबासाहेब : वृत्तपत्र आणि लोकशाही

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे घटनाकार, अर्थशास्त्रज्ञ, कायदेपंडित आणि धम्मक्रांतीचे प्रवर्तक म्हणून असलेले कार्य आपल्या घराघरांत परिचित आहे. आपल्या वसतिगृहातील लहानातल्या लहान विद्यार्थ्यालाही महाड, पुणे करार आणि दीक्षाभूमी या शब्दांमागचा इतिहास थोडाफार ठाऊक असतो. परंतु या साऱ्या लढ्यांना ज्या साधनाने वाणी दिली, त्या साधनाची आठवण आपण क्वचितच काढतो. ते साधन म्हणजे वृत्तपत्र. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘जनता’चे नामांतर ‘प्रबुद्ध भारत’ असे झाले. या छत्तीस वर्षांत बाबासाहेबांनी अभ्यास, वकिली, अध्यापन, आंदोलने, मंत्रिपद आणि आजारपण या सगळ्यांच्या जोडीने वृत्तपत्राचा संसारही चालविला. तो संसार नेहमीच ओढगस्तीचा होता. तरीही त्यांनी तो सोडला नाही. का सोडला नाही, याचे उत्तर त्यांच्या लोकशाहीविषयक विचारात सापडते. ते शोधण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

पूर्वसूरींची वाट

बाबासाहेबांच्या आधी महाराष्ट्रात सत्यशोधक चळवळीने बहुजनांच्या वृत्तपत्राची वाट पाडली होती. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी ‘दीनबंधू’ सुरू केले. लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर हे ‘दीनबंधू’ व ‘सुधारक’ या पत्रांतून अस्पृश्यतेविरुद्ध लिहीत. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढले. नागपूरकडे किसन फागोजी बनसोडे यांनीही पत्रे चालविण्याचे धाडस केले. ही सारी माणसे तुटपुंज्या साधनांची होती. त्यांची पत्रे फार काळ टिकली नाहीत. पण आपले गाऱ्हाणे आपणच आपल्या भाषेत छापले पाहिजे, ही जाणीव त्यांनी रुजविली.

त्या काळी मराठी वृत्तपत्रसृष्टी समृद्ध होती आणि तिचा राजकारणावर मोठा प्रभाव होता. ‘केसरी’सारख्या पत्राने लोकमत घडविले, सरकारला जाब विचारला, तुरुंगवास सोसला. हे श्रेय इतिहासाने त्या पत्राला दिलेच पाहिजे. पण ज्या लोकमताची ही पत्रे वाहक होती, त्या लोकांत अस्पृश्य समाजाचा समावेश नव्हता. विहिरीवर, देवळात आणि शाळेत ज्याला जागा नव्हती, त्याला छापील कागदावरही जागा नव्हती.

साउथबरो समिती : प्रतिनिधित्वाचा प्रश्न

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजी सकपाळ यांच्या कुटुंबात झाला. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिक्षण घेऊन ते १९१७ साली परतले. बडोदा संस्थानच्या नोकरीत झालेल्या छळामुळे त्यांना मुंबईला यावे लागले. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. नेमक्या त्याच सुमारास माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांची चर्चा सुरू होती. मताधिकार कोणाला द्यावा, याचा विचार करण्यासाठी साउथबरो समिती नेमली गेली होती.

२७ जानेवारी १९१९ रोजी बाबासाहेबांनी या समितीसमोर साक्ष दिली. तेव्हा त्यांचे वय सत्तावीस वर्षांचे होते. त्यांच्या निवेदनातील एक मुद्दा पुढील सर्व पत्रकारितेच्या मुळाशी आहे. कायदेमंडळात लोकांची मते कोणीतरी मांडली म्हणजे प्रतिनिधित्व पूर्ण होते, हे त्यांना मान्य नव्हते. त्या त्या समाजघटकाची माणसे स्वतः तेथे उपस्थित असली पाहिजेत, कारण परक्याने कितीही सद्भावनेने बाजू मांडली तरी सत्तेत सहभागी होण्याने जे भान आणि जो आत्मविश्वास येतो, तो उसना मिळत नाही, अशी त्यांची मांडणी होती. म्हणूनच त्यांनी अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट शिथिल करावी आणि लोकसंख्येच्या प्रमाणात त्यांचे स्वतंत्र प्रतिनिधी असावेत, अशी मागणी केली.

या साक्षीच्या थोडे आधी, १६ जानेवारी १९१९ रोजी, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त होमरूलविषयी त्यांचे एक पत्र प्रसिद्ध झाले होते. त्याखाली त्यांचे नाव नव्हते. एक महार एवढीच लेखकाची ओळख होती. इंग्रजी पत्रात निनावी पत्र लिहून आपल्या समाजाची बाजू मांडावी लागणे, हीच त्या काळची खरी स्थिती होती. कायदेमंडळात आपला माणूस हवा, हे ज्या तर्काने सिद्ध होते, त्याच तर्काने वृत्तपत्रातही आपला संपादक हवा, हे सिद्ध होते. पुढच्याच वर्षी बाबासाहेबांनी ते पाऊल उचलले.

‘मूकनायक’

‘मूकनायक’ हे पाक्षिक मुंबईतून निघाले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. बाबासाहेब सरकारी महाविद्यालयात प्राध्यापक असल्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. परंतु धोरण आणि आरंभीचे अग्रलेख बाबासाहेबांचे होते. शीर्षस्थानी संत तुकारामांचा अभंग होता. ‘विविध विचार’, ‘वर्तमान सार’ अशा सदरांतून बातम्या, मतप्रदर्शन आणि वाचकांचे अनुभव दिले जात.

या पत्राची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला, अशी नोंद बाबासाहेबांनी पुढे आपल्या लिखाणात केली आहे. ही घटना आपण सहसा अपमानाची गोष्ट म्हणून सांगतो. तिच्याकडे वृत्तपत्रव्यवसायाच्या दृष्टीनेही पाहावे. नवीन पत्र निघाल्याची वार्ता वाचकांपर्यंत जाण्याचा मार्ग जुन्या पत्रांतूनच जात होता. तो मार्ग बंद करणे म्हणजे नव्या पत्राचा श्वास कोंडणे होय. ज्याच्या हाती माध्यम आहे तो काय छापतो यावरून त्याची सत्ता दिसते; काय छापण्याचे नाकारतो यावरून ती अधिक स्पष्ट दिसते.

पहिल्याच अंकातील अग्रलेखात बाबासाहेबांनी हिंदू समाजाची तुलना अनेक मजल्यांच्या मनोऱ्याशी केली. या मनोऱ्याला जिना नाही आणि प्रवेशद्वारही नाही. त्यामुळे कोणी कितीही लायक असला तरी त्याला जन्माच्या मजल्यावरच मरावे लागते, असे त्यांनी दाखवून दिले. त्याच लेखात त्यांनी मुंबई इलाख्यातील वृत्तपत्रांचा आढावाही घेतला. बहुतेक पत्रे विशिष्ट जातीचे हित पाहणारी आहेत, हे त्यांनी सांगितलेच. पण ‘दीनमित्र’, ‘जागरूक’, ‘डेक्कन रयत’, ‘विजयी मराठा’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘सुबोधपत्रिका’ यांसारख्या पत्रांतून अस्पृश्यांच्या प्रश्नांची चर्चा होत असते, हे प्रांजळपणे मान्यही केले. मात्र ब्राह्मणेतर समाजाच्या अनेक प्रश्नांच्या गर्दीत अस्पृश्यांच्या प्रश्नांना पुरेसा वाव मिळणे शक्य नाही, म्हणून स्वतंत्र पत्र हवे, असा त्यांचा निष्कर्ष होता. सारा समाज एका बोटीतील प्रवाशांसारखा आहे. इतरांचे नुकसान करण्यासाठी बोटीला भोक पाडणाराही त्याच बोटीतून बुडतो, हे त्यांनी जातीपुरते पाहणाऱ्या पत्रांना बजावले.

स्वराज्याच्या प्रश्नावर ‘मूकनायक’ने रोखठोक भूमिका घेतली. परकीय सत्ता जावी याविषयी दुमत नव्हते. परंतु तिच्या जागी येणारी सत्ता कोणाच्या हाती जाणार आणि तीत अस्पृश्यांचा वाटा कोणता, हा प्रश्न त्या पत्राने सतत विचारला. इतर पत्रे जो प्रश्न विचारतच नव्हती, तो प्रश्न छापून येऊ लागला. राजकारणाचा विषयच त्यामुळे बदलला. मार्च १९२० मध्ये माणगाव येथे शाहू महाराजांच्या उपस्थितीत परिषद झाली आणि या तरुण विद्वानाचे नाव गावोगाव पोहोचले.

जुलै १९२० मध्ये अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. पुढे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांनी संपादकपद सांभाळले. परंतु वर्गणीदारांची संख्या आणि खर्च यांचा मेळ बसला नाही. १९२३ साली ‘मूकनायक’ बंद पडले.

महाड आणि ‘बहिष्कृत भारत’

लंडनहून परतल्यावर बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा व शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला होता. महाड नगरपालिकेनेही त्यानुसार ठराव केला होता. पण कागदावरचा ठराव तळ्यापर्यंत पोहोचत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतचा जनसमुदाय चवदार तळ्यावर गेला आणि त्यांनी पाण्याला स्पर्श केला.

त्यानंतर जे घडले त्यात एका अफवेचा वाटा मोठा होता. अस्पृश्य लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात घुसणार, अशी आवई गावात उठविली गेली. परिषदेसाठी आलेल्या, जेवायला बसलेल्या माणसांवर लाठ्याकाठ्या घेऊन जमाव तुटून पडला. खरी वार्ता पोहोचण्यापूर्वी खोटी वार्ता पोहोचली आणि तिने माणसांची डोकी फोडली. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना प्रतिहल्ल्यापासून रोखले आणि कायद्याचा मार्ग धरला.

या घटनेनंतर चौदाच दिवसांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. या वेळी संपादक म्हणून स्वतः बाबासाहेबांचे नाव होते. महाडच्या प्रसंगाची साद्यंत हकीकत, त्यावर इतर पत्रांनी केलेली टीका आणि त्या टीकेला मुद्देसूद उत्तरे या पत्रातून दिली गेली. ‘आजकालचे प्रश्न’, ‘प्रासंगिक विचार’ ही सदरे आजही वाचावीत अशी आहेत. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडायचे, त्यातील गृहीतक उघडे करायचे आणि मग शास्त्र, इतिहास व व्यवहार यांच्या आधारे ते खोडायचे, ही वकिली शिस्त त्या लिखाणात दिसते. भाषा मात्र न्यायालयाची नाही. म्हणी, वाक्प्रचार, संतवचने आणि उपरोध यांनी ती खेळती राहिली आहे.

त्याच वर्षी बाबासाहेब आणि डॉ. पी. जी. सोळंकी मुंबई कायदेमंडळाचे नियुक्त सदस्य झाले. सभागृहातील भाषण आणि पाक्षिकातील अग्रलेख या दोन्ही ठिकाणी एकच माणूस एकच प्रश्न लढवू लागला. महाड नगरपालिकेने दबावापोटी आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा दावा न्यायालयात दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. एवढा प्रदीर्घ लढा लोकांच्या मनात जागता ठेवणे वृत्तपत्राशिवाय कठीण होते.

वाचक कोण होते? बहुसंख्य लोकांना अक्षरओळख नव्हती. गिरणीच्या चाळीत किंवा गावाबाहेरच्या वस्तीत एखादा शिकलेला तरुण अंक मोठ्याने वाचे आणि भोवती माणसे बसत. एका अंकाचे श्रोते अनेक असत. वर्गणीदार मात्र एकच असे, आणि तोही गरीब. ज्यांच्याकडे दुकाने व कारखाने होते, ते अस्पृश्यांच्या पत्राला जाहिराती देत नव्हते. त्यामुळे पत्राचा सारा भार वर्गणीवर आणि बाबासाहेबांच्या श्रमावर होता. अनेकदा अंकाचे चोवीस रकाने त्यांना एकट्याला लिहून काढावे लागत. या कामाचे त्यांनी मानधन घेतले नाही. समाजाने आपल्या पत्राचे ऋण ओळखावे, अशी कळकळीची विनंती त्यांनी वाचकांना केली. एवढे करूनही १५ नोव्हेंबर १९२९ च्या अंकानंतर ‘बहिष्कृत भारत’ थांबले.

‘समता’ आणि ‘जनता’

जातिभेद न मानणाऱ्या सर्व जातींच्या मित्रांना घेऊन बाबासाहेबांनी १९२७ साली समाज समता संघ स्थापन केला होता. देवराव विष्णू नाईक यांच्या संपादकत्वाखाली २९ जून १९२८ पासून ‘समता’ हे त्याचे मुखपत्र निघू लागले. लोकमान्य टिळकांचे चिरंजीव श्रीधरपंत टिळक यांनी याच वर्षी ‘केसरी’चे ठिकाण असलेल्या पुण्याच्या गायकवाडवाड्यात संघाची शाखा काढून सहभोजन घडवून आणले. ज्या वाड्यातून ‘मूकनायक’ची जाहिरात परत आली, त्याच वाड्यात आठ वर्षांनी समतेची पंगत बसली. त्यामागे छापील शब्दाने केलेली मनोभूमीची मशागत होती.

२४ नोव्हेंबर १९३० रोजी ‘जनता’ सुरू झाले. आरंभी पाक्षिक असलेले हे पत्र वर्षभरातच साप्ताहिक झाले. देवराव नाईक, भा. र. कद्रेकर, गं. नी. सहस्रबुद्धे आणि पुढे यशवंतराव आंबेडकर यांनी ते सांभाळले. नावातील बदल बोलका आहे. मुक्यांचा नायक, मग बहिष्कृतांचा भारत आणि आता जनता. गोलमेज परिषदेच्या काळात बाबासाहेब लंडनहून जी पत्रे पाठवीत, ती ‘जनता’त प्रसिद्ध होत आणि साता समुद्रापलीकडच्या वाटाघाटी परळच्या चाळीत समजत. खोती पद्धतीविरुद्धचा लढा, स्वतंत्र मजूर पक्ष, १९३८ चा कामगारांचा संप, शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन या सर्वांचा दस्तऐवज म्हणजे ‘जनता’च्या फायली होत.

लोकमताचा दबाव

वृत्तपत्रांच्या सामर्थ्याचा सर्वांत कठोर अनुभव बाबासाहेबांना सप्टेंबर १९३२ मध्ये आला. जातीय निवाड्याने अस्पृश्यांना दिलेल्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध गांधीजींनी येरवडा तुरुंगात उपोषण आरंभिले. देशातील राष्ट्रीय वृत्तपत्रांचा सारा रोख एकाच माणसाकडे वळला. गांधीजींच्या प्राणाची जबाबदारी त्याच्या शिरावर टाकली गेली. त्याच्या मागणीमागील युक्तिवाद मात्र फारसा कोणी छापला नाही. अशा वातावरणात २४ सप्टेंबर रोजी पुणे करार झाला. ज्या समाजाच्या भवितव्याचा करार होत होता, त्याच्या हाती एक छोटे मराठी साप्ताहिक होते. समोर देशभरची दैनिके होती.

तथापि संवादाचा मार्ग त्यांनी बंद केला नाही. गांधीजींनी १९३३ साली ‘हरिजन’ साप्ताहिक सुरू करताना त्यांच्याकडे संदेश मागितला. बाबासाहेबांनी शुभेच्छासंदेश देण्याचे नाकारले आणि जातिव्यवस्था आहे तोवर अस्पृश्य राहणारच, अशा आशयाचे निवेदन धाडले. गांधीजींनी ते आपल्या उत्तरासह छापले. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने १९३६ मध्ये त्यांचे अध्यक्षीय भाषण रद्द केले, तेव्हा त्यांनी ते स्वखर्चाने छापले. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. त्यावर गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये टीका केली आणि बाबासाहेबांनी दुसऱ्या आवृत्तीत ती टीका व आपले उत्तर ही दोन्ही समाविष्ट केली. व्यासपीठ नाकारले गेले तरी छापखाना होता. विरोधकाचे म्हणणे आपल्या पुस्तकात पूर्ण छापण्याचे औदार्यही होते. वादविवादाची ही रीत लोकशाहीला पोषक असते.

वृत्तपत्रसृष्टीचे परीक्षण

१८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त बाबासाहेबांनी रानडे, गांधी आणि जीना या विषयावर व्याख्यान दिले. त्यात त्यांनी भारतीय पत्रकारितेचे परखड परीक्षण केले. एके काळी पत्रकारिता हे व्रत होते. वाचकाला निर्मळ बातमी देणे आणि लोकमताला वळण लावणे हे तिचे काम होते. आता ती व्यापार झाली असून साबणाच्या उत्पादनाला जितके नैतिक भान असते, तितकेच तिला उरले आहे, असा त्यांचा आक्षेप होता. सनसनाटी, तर्काऐवजी भावनेला चेतविणे आणि एखादा नायक निवडून त्याचे भजन करणे, हे तिचे मुख्य कर्तव्य झाल्याचे त्यांनी दाखविले.

पत्रे अशी का होतात, याचीही चिकित्सा त्यांनी केली. केवळ विक्रीच्या पैशावर पत्र तगत नाही, त्याला जाहिरात लागते. जाहिरात उद्योगपती आणि व्यापारी देतात, आणि त्यांचे हितसंबंध प्रबळ पक्षाशी जोडलेले असतात. बातम्या पुरविणाऱ्या संस्थांतील नोकरवर्ग ठरावीक जातींतून येतो. मालक, जाहिरातदार आणि बातमीदार हे तिघेही एकाच बाजूचे असले, तर खोटे छापण्याची गरजही उरत नाही. नकोशी बातमी वगळली की काम भागते. अस्पृश्यांचे म्हणणे जगापुढे का येत नाही, याचे हे साधे कारण त्यांनी उलगडून दाखविले.

संविधान आणि मुद्रणस्वातंत्र्य

डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमावर चर्चा झाली. त्यात मुद्रणस्वातंत्र्याचा वेगळा उल्लेख हवा, अशी मागणी काही सदस्यांनी केली. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांनी उत्तर दिले. वृत्तपत्राचा संपादक किंवा व्यवस्थापक हाही नागरिकच असतो. लिहिताना तो नागरिकाचाच हक्क बजावीत असतो. म्हणून वृत्तपत्राला नागरिकाहून वेगळा असा हक्क नाही आणि स्वतंत्र उल्लेखाची आवश्यकता नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. या विचारात मोठा अर्थ आहे. मुद्रणस्वातंत्र्य हे मालकांचे संस्थान नसून सामान्य नागरिकाच्या बोलण्याच्या हक्काचा विस्तार आहे. त्यामुळे मोठ्या दैनिकाच्या मालकाचा आणि चाळीत हस्तलिखित काढणाऱ्या तरुणाचा हक्क घटनेच्या दृष्टीने सारखाच ठरतो.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे एक अवघड पानही उलटले पाहिजे. मे १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘क्रॉस रोड्स’ आणि ‘ऑर्गनायझर’ या पत्रांवरील सरकारी निर्बंध रद्द ठरविले. त्यानंतर १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती झाली आणि सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्यास चिथावणी आदी कारणांसाठी निर्बंध घालण्याची मुभा शासनाला मिळाली. कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनी संसदेत या दुरुस्तीचे समर्थन केले. ज्याने आयुष्यभर मुक्यांना वाचा देण्यासाठी पत्रे चालविली, त्यानेच अभिव्यक्तीवरील निर्बंधांच्या बाजूने बोलावे, हे काहींना विसंगत वाटते. तिची टीका आजही अभ्यासक करतात आणि ती विचारात घ्यावी अशी आहे. पण महाडच्या वाचकाला दुसरी बाजूही दिसते. चिथावणीच्या एका आवईने माणसांवर लाठ्या पडतात, हे बाबासाहेबांनी पाहिले होते. निर्बंध वाजवी असावेत, हा शब्द अंतिम तरतुदीत आला आणि ते वाजवी आहेत की नाहीत हे तपासण्याचा अधिकार न्यायालयाकडे राहिला, हे या दुरुस्तीचे महत्त्वाचे अंग आहे. स्वातंत्र्य आणि जबाबदारी यांची सीमारेषा प्रत्येक पिढीला नव्याने पारखावी लागते.

विरोधी पक्ष, जनमानसाची सदसद्विवेकबुद्धी आणि वृत्तपत्रे

हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर आणि अन्य मतभेदांमुळे बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ११ ऑक्टोबर रोजी ते लोकांच्या प्रतिनिधींपुढे आपली कारणे मांडण्यास उभे राहणार होते. परंतु निवेदनाची प्रत आधी दिल्याशिवाय ते वाचू देण्यास पीठासीन अधिकारी तयार नव्हते. बाबासाहेब सभागृहाबाहेर पडले आणि त्यांनी ते निवेदन वृत्तपत्रांच्या हाती दिले. संसदेचे दार अडले तेव्हा जनतेपुढे जाण्याचा मार्ग वृत्तपत्रांतूनच मिळाला. ज्या वृत्तपत्रसृष्टीचे दोष त्यांनी इतक्या कठोरपणे सांगितले होते, तिची उपयुक्तता ते जाणून होते. त्यांचा रोष पत्रकारितेच्या अधोगतीवर होता, त्या संस्थेवर नव्हता.

२२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यातील वकिलांपुढे त्यांनी लोकशाही यशस्वी होण्यासाठी कोणत्या अटी पाळल्या गेल्या पाहिजेत, यावर भाषण केले. समाजात ढळढळीत विषमता नसावी, कायद्यापुढे व कारभारात समानता असावी, सांविधानिक नीतिमत्ता पाळली जावी, बहुमताने अल्पमताचा छळ करू नये, या अटी त्यांनी विवेचिल्या. समर्थ विरोधी पक्षाची गरज सांगताना त्यांनी वृत्तपत्रांकडे बोट दाखविले. आपल्याकडील वृत्तपत्रे विरोधी पक्षापेक्षा सरकारला कितीतरी अधिक प्रसिद्धी देतात आणि त्याचे कारण बहुधा जाहिरातीचे उत्पन्न हे असावे, कारण विरोधी पक्षाकडून पैसा मिळत नाही, असे निरीक्षण त्यांनी नोंदविले. शेवटी त्यांनी जनमानसाच्या सदसद्विवेकबुद्धीचा मुद्दा मांडला. अन्याय कोणावरही झाला तरी, ज्याच्यावर तो झालेला नाही त्यानेही अस्वस्थ होऊन उठले पाहिजे. तसे होत नसेल तर पीडितांच्या मनात बंडाची भावना वाढते आणि लोकशाही धोक्यात येते.

आता हे दोन मुद्दे एकत्र वाचावेत. दूरच्या गावातील अन्यायाने शहरातील माणूस अस्वस्थ व्हायचा, तर तो अन्याय त्याला आधी कळला पाहिजे. तो कळविण्याचे काम वृत्तपत्राचे आहे. बातमी वगळली गेली की सदसद्विवेकबुद्धी झोपी जाते, मग मत देणारा नागरिक अंधारात मत देतो.

‘प्रबुद्ध भारत’

आयुष्याच्या अखेरच्या वर्षी बाबासाहेबांनी ‘जनता’ला ‘प्रबुद्ध भारत’ हे नाव दिले. बहिष्कृतांचा भारत आता प्रज्ञेने जागा झालेला भारत व्हावा, हा त्यामागचा संकल्प होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. तथागतांनी कालाम लोकांना कोणतीही गोष्ट केवळ ऐकीव, परंपरेने आलेली किंवा ग्रंथात आहे म्हणून न स्वीकारता स्वतः पारखून घेण्याचा उपदेश केला होता. बातमी वाचणाऱ्यासाठी याहून उत्तम नियम सापडणार नाही.

आपले कर्तव्य

आज माध्यमांचे रूप पालटले आहे. दूरचित्रवाहिन्या अहोरात्र बोलत असतात आणि प्रत्येकाच्या हातातील मोबाइलवर क्षणात मजकूर येऊन पडतो. वीरेश्वराच्या मंदिराची आवई महाड गावापुरती होती. आजची आवई घटकाभरात राज्यभर पसरते. म्हणून बाबासाहेबांचे प्रश्न आपण आपल्या मुलांना शिकविले पाहिजेत. या माध्यमाचा मालक कोण आहे? त्याला पैसा कोठून येतो? बातमी देणारे कोण आहेत? आणि आजच्या अंकात कोणाची बातमी नाही? हा चौथा प्रश्न सर्वांत कठीण आहे, कारण त्याचे उत्तर अंकात सापडत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या स्वतःविषयी आहे. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ ही दोन्ही पत्रे विरोधकांच्या हल्ल्याने बंद पडली नाहीत. ती वर्गणी न आल्याने बंद पडली. त्या पिढीकडे पैसा नव्हता. तिला दोष देता येणार नाही. आपल्या पिढीला मात्र ती सबब उरलेली नाही. आज आपल्यापैकी अनेकजण शिक्षक, अभियंते, अधिकारी, डॉक्टर झालो आहोत. जयंतीच्या रोषणाईसाठी आपण वर्गणी देतो. विचारपत्रांची वर्गणी मात्र थकलेली असते. महाराष्ट्र शासनाने ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’चे अंक ग्रंथरूपाने १९९० साली प्रसिद्ध केले आहेत. तो ग्रंथ प्रत्येक माजी विद्यार्थ्याच्या घरी असावा आणि वाचून जुना झालेला असावा.

आपल्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी दर महिन्याला एक भित्तिपत्रक काढावे, त्यातील बातमी त्यांनी स्वतः जाऊन तपासलेली असावी आणि ज्याच्यावर टीका केली त्याचे म्हणणेही शेजारी लावलेले असावे, अशी माझी शाळेला नम्र सूचना आहे. माजी विद्यार्थ्यांनी त्यासाठी कागद, शाई आणि थोडा वेळ द्यावा. चोवीस रकाने एकट्याने लिहिणाऱ्या त्या संपादकास विनम्र अभिवादन.

जय भीम!